सहा ताटं, सोळा नियम

भाद्रपद शुद्ध पंचमीला आमच्या मजल्यावरच्या दोन स्वयंपाकघरांत बरोबर उलट्या गोष्टी चाललेल्या असतात. समोरच्या लेलेकाकूंचं माहेर रत्नागिरीकडचं. त्यांच्याकडे त्या दिवशी ऋषीची भाजी असते. अळू, सुरण, भोपळा, पडवळ, भेंडी, मक्याची कणसं, मंडईत जे जे दिसेल ते ते एका पातेल्यात. त्याच सकाळी आमच्याकडे दशलक्षण पर्व सुरू होतं आणि मंडईत जे जे दिसेल ते ते घराबाहेर जातं. काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढतात. मी रिकाम्या हातांनी चढते, तरी धाप मलाच जास्त लागलेली असते. अनंत चतुर्दशीपर्यंत सहा माणसांना भाजीशिवाय काय वाढायचं हा हिशेब डोक्यात असतो, आणि तो खाली ठेवायला जिन्यात जागा नसते.

काकू मायाळू आहेत. "उपवास ना गं तुमचे? साबुदाण्याची खिचडी पाठवते. बटाटा जरा जास्तच घालते, पोटाला आधार." इतकं प्रेमानं म्हटल्यावर माणसानं काय बोलावं? त्यांच्या उपवासाला धान्य बंद आणि कंद चालू. आमच्या पर्वाला कंद बंद आणि धान्य चालू. त्यांना एकादशीला बटाटा, रताळं, सुरण चालतं आणि वरणभाताचं शीत चालत नाही; आम्हाला वरणभात चालतो आणि बटाटा वर्ज्य. दोन्ही घरांचे उपवास एकत्र पाळायचे ठरवले तर ताटात दूध आणि शेंगदाणे एवढेच उरतील.

त्यात शेंगदाण्यावर आमच्याकडे दरवर्षी खटला उभा राहतो. फिर्यादी आमचा मुलगा. "शेंग जमिनीखालीच येते की. मग बटाट्यानं काय घोडं मारलंय?" वकीलपत्र मामांकडे. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे. मामांनी जन्मभर शेती केली, त्यामुळे त्यांची बाजू पोथीतून येते आणि बांधावरूनही. कंद म्हणजे साधारण वनस्पती. एका शरीरात अनंत जीव. बटाटा टोपलीत पडून राहिला तरी डोळे फुटून कोंब धरतो, त्याचं जगणं संपतच नाही. शेंगदाणा हे बी आहे. शेंग भरली की वेल आपोआप वाळतो, मग उपटायचा. "आणि हळद?" मुलगा विचारतो. इथं मामा जरा खाकरतात, कारण आमच्या शेतात हळदच आहे. सांगलीची हळद म्हणजे आमच्या घरची लक्ष्मी. तर ओली हळद वर्ज्य, वाळलेली चालते. आलं वर्ज्य, सुंठ चालते. ज्याला सुकता येतं ते आपल्यात, ज्याला कुजता येतं ते परकं. पूर्वी सांगलीजवळ हरिपूरला हळद पेवांत साठवायचे. म्हणजे हळद जमिनीतून काढली, उकडली, वाळवली आणि परत जमिनीत पुरली तरी ती पावन. मुलाला हे पटत नाही, पण शेंगदाण्याची चटणी वाढली की तो फिर्याद मागे घेतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं. ते संपत आलेलं असतं तेव्हा आम्हा दिगंबरांचं दशलक्षण सुरू होतं. दहा दिवस, दहा धर्म. पहिल्या दिवशी उत्तम क्षमा, मग मार्दव, आर्जव असं करत शेवटी उत्तम ब्रह्मचर्य. मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, अध्यायही दहाच. आणि पहिल्या दिवशी सगळे नियम घेतात. काय सोडणार, किती वेळा जेवणार, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. इथंच सगळी गोम आहे. नियम मंदिरात घेतला जातो आणि पाळला जातो स्वयंपाकघरात. घेणारा एक आणि पाळायला लावलेली दुसरीच.

आमच्या घरचे नियम असे. आत्यांचं दहाही दिवस एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत. हिरवं काही नाही, फळसुद्धा नाही. शिवाय वारानुसार एकेक रसाचा त्याग. रविवारी मीठ नाही, मंगळवारी गोड नाही, शनिवारी तेल नाही. मामा दोन वेळा जेवतात, त्यांनाही हिरवं बंद. त्याखेरीज यंदा त्यांनी ऊस आणि फुटाणे सोडले. दातांनी ते दोन्ही आधीच सोडलेले होते. मामांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. आमच्या ह्यांनी पालेभाजी सोडली. ह्यांनी पालेभाजी खाल्ल्याचं घरात कोणाला आठवत नाही, पण मंदिरात हात जोडून, गंभीर चेहऱ्यानं त्याग केला आणि घरी येऊन "त्याऐवजी काय करणार आहेस?" असं विचारलं. मुलगा व्यायामशाळेत जातो. त्याचा नियम कंदमुळं नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही, पण प्रोटीन मोजून पाहिजे. मुलगी पुण्याला शिकते, पर्वासाठी घरी येते. यंदा ती व्हीगन होऊन आली.

आत्यांना हा शब्द नवा. "म्हणजे काय काय खायचं नाही?" दूध नाही, दही नाही, तूप नाही, ताक नाही, मध नाही. मध तर आम्ही कधीच खात नाही. आत्यांनी बोटं मोजली. शास्त्रातले सहा रस म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. त्यांतले तीन एकदम, आणि तेही वर्षभर! "हिला कोणत्या महाराजांनी दिला गं नियम?" असं त्यांनी मला आत बोलावून विचारलं. आवाजात कौतुक होतं आणि थोडी स्पर्धाही.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे पहिल्या दिवशी मी वही काढून सगळ्यांच्या नियमांचा मसावि काढायला बसले. सगळ्यांना चालेल असा एकच पदार्थ सापडला तर निम्मं पर्व सोपं. रविवार होता. आत्यांचं मीठ गेलं. मुलीचं तूप गेलं. मामांच्या दातांमुळे भाकरी गेली. ह्यांच्या साखरेमुळे भाताचा डोंगर गेला, गोडाचा प्रश्नच नव्हता. उत्तर आलं मुगाचं वरण. अळणी, बिनतुपाचं, घोट घेत प्यायचं, दिवस मावळायच्या आत. मुलानं वाटीत डोकावून विचारलं, "ह्यात प्रोटीन किती?"

ह्यांच्या साखरेचं सांगायचं राहिलं. पर्वाच्या आधी आम्ही एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो होतो. बाई तरुण, हुशार. त्यांनी छापील तक्ता दिला. सकाळी मोड आलेली कडधान्यं, जेवणाआधी गाजर-बीट-मुळ्याची कोशिंबीर, मधल्या वेळेला फळ, संध्याकाळी पालकाचं सूप, रात्री आठला हलकं जेवण. मी तो तक्ता मनातल्या मनात पर्वाला लावून पाहिला. गाजर, बीट, मुळा म्हणजे तिन्ही जमिनीखालचे. पालक नाही, पावसाळ्यात पाल्यात जीव फार. फळ आमच्या घरच्या निम्म्या ताटांना नाही. मोड? आत्यांच्या लेखी मोड आला की कडधान्य खाण्याच्या पलीकडे गेलं. रात्री आठ म्हणजे भाद्रपदात आमच्याकडे मध्यरात्र. पावणेसातच्या आत ताटं घासायला पडलेली असतात. तक्त्यातलं एकच वाक्य उरलं. 'भरपूर पाणी प्या.' आणि आत्या तेही उकळलेलंच, आणि जेवायला बसल्यावर एकदाच पितात.

त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या सूचना नव्यानं काढल्या. त्यात अर्धं ताट भाज्या, पालेभाज्या, कंदमुळं आणि फळांनी भरायला सांगितलंय. संस्थेनं नेमकं जे अर्धं भरायला सांगितलं तेवढंच आम्ही रिकामं करतो. राहिलेल्या अर्ध्यात सगळा संसार करायचा.

तो होतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. फक्त सुटीच्या दिवशी वाणसामानाच्या फळीसमोर उभं राहायला लागतं. मूग, मसूर, हुलगे, मटकी, उडीद, चवळी. वाळलेल्या शंभर ग्रॅम मुगात चोवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत पुरेसं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात सापडतं. म्हणजे वरणभात किंवा भाकरी-आमटी ही आपल्या आज्यांनी न शिकता सोडवलेली समीकरणं आहेत. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तिळात त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे व्हीगन लेकीच्या ताटात तिळाची चटणी सढळ हातानं. लोह अंगी लागायला आंबट हवं. लिंबू हिरव्यात जातं, मग आमसूल, चिंच, आवळकाठी. चोथ्यासाठी सालासकट कडधान्यं, ज्वारी, जवसाची चटणी. आणि तरीही ज्याचं अडतं त्याच्यासाठी ईसबगोल. पर्वातल्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून घरात सर्वांत मान त्या डब्याला असतो. ते बीचं टरफल आहे, वाळलेलं आहे, त्याला रस नाही, आणि त्याचा त्याग करायचं धाडस अजून एकाही भाविकानं केलेलं माझ्या ऐकिवात नाही.

पण नुसत्या पोषणानं आमच्याकडचं माणूस जेवत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे तिखटाला चटणी म्हणतात, आणि उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणीची चटणी बरणीत नसेल तर ते घर परगावचं समजतात. आम्ही वर्षभर ती खातो, खोटं कशाला बोला. पर्वात ती बरणी वरच्या फळीवर जाते आणि खाली येते बिनकांद्याची, बिनलसणीची. दिसायला तशीच लाल. चव म्हणजे घरातली सगळी माणसं बाहेरगावी गेल्यावर जसं घर वाटतं तशी. मग सुरू होते लसणीची आठवण बुजवण्याची खटपट. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे, आणि हिंग. हिंगाचं मला फार नवल वाटतं. लसणीचा वास येऊ नये म्हणून आपण लसूण सोडतो आणि लसणीसारखा वास यावा म्हणून हिंग घालतो. हिंग म्हणजे झाडाच्या मुळाला चीर पाडून गोळा केलेला डिंक, हे मी आत्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या आईच्या काळी हिंग कातड्याच्या पिशव्यांतून यायचा म्हणून कडक लोक तो खात नसत, एवढं त्यांना माहीत आहे. त्यात मुळाची भर घातली तर फोडणीत काय राहील?

अख्खा मसूर हे आमच्याकडचं खरं दैवत. इस्लामपूरच्या रस्त्यावरच्या धाब्यांवर तो मिळतो तसा, तर्रीचा. आता कांद्याशिवाय, लसणीशिवाय, आल्याशिवाय, टोमॅटोशिवाय आणि कोथिंबिरीशिवाय अख्खा मसूर करा. उरतो तो अख्खा आणि मसूर. तरी खोबऱ्या-तिळाचं वाटण, चिंचेचा कोळ आणि जरा सढळ चटणी घातली की होतो, चांगला होतो. मुलगा दोन वाट्या खातो. "हॉटेलसारखा नाही," म्हणतो, पण खाऊन झाल्यावर म्हणतो.

सगळ्यात अवघड दिवस कंदांचे नसतात, द्विदलाचे असतात. बाहेरच्या लोकांना जैन म्हटलं की बटाटा तेवढा आठवतो. द्विदल हे नाव त्यांनी ऐकलेलंच नसतं. कच्च्या दुधा-दह्या-ताकात डाळीचं काही मिसळलं की ते द्विदल, वर्ज्य. आता आपल्या जेवणाकडे बघा. पिठलं-भाकरी आणि वर ताक, गेलं. मेतकूट-दही, गेलं. दहीवडा, गेला. दहीभाताशी उडदाचा पापड, तोही गेला. आहारतज्ज्ञ मंडळी जी जोडी सर्वांत पौष्टिक म्हणून कौतुकानं सांगतात तीच आमच्याकडे ताटात शेजारी बसायची नाही. कढी करायची तर दही आधी तापवून घ्यायचं, मगच त्याला बेसन लावायचं. दही तापवलं की फुटायला टपलेलंच असतं. मंद आच, एका दिशेनं हलवत राहायचं, आणि त्या वेळात दाराची घंटा वाजता कामा नये. ती वाजते. लेलेकाकू गौरीचा प्रसाद घेऊन उभ्या असतात, वर अळूवडी.

मर्यादा हा आणखी एक विषय. पावसाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यामुळे गिरणीवाल्याला आमचं पर्व कॅलेंडर न बघता कळतं. एरवी महिन्याचं दळण देणारी बाई तीन-तीन किलो घेऊन दारात दिसायला लागते. रात्रीचं अन्न सकाळी नाही, रात्रभर आंबवलेलं इडलीचं पीठ नाही, बेकरीचा पाव नाही. मी दमून तक्रार करत असले तरी एक कबूल करते. शीतकपाट नसलेल्या काळात, धो-धो पावसात, दमट हवेत पिठाला तीन दिवसांनी काय होतं हे ज्यानं पाहिलं असेल त्यालाच हा नियम सुचला असणार. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, चांगली नजर होती.

या मर्यादेपायी मुलाच्या प्रोटीनच्या डब्याचा निकाल लागला. हा डबा म्हणजे चुन्याच्या पिंपाएवढा, वर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. आत्यांनी चष्मा लावून सगळ्या बाजूंनी वाचला. हिरवा ठिपका पाहून समाधान झालं. मग खाली छापलेली मुदत दिसली. "तीन दिवसांवर पीठ चालत नाही आणि ही भुकटी दोन वर्षं?" मुलानं सांगितलं की ती चीज करताना उरलेल्या पाण्यापासून करतात. मुलीनं लगेच भर घातली की चीज घट्ट करायला काही ठिकाणी वासराच्या पोटातलं द्रव्य वापरतात. डबा त्या संध्याकाळी कपाटावर गेला. किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं पोषण संस्था म्हणते. व्यायामशाळेतले सर दुपटीच्या खाली येत नाहीत. मी सरांना मध्ये न घेता त्याला सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी उसळ, संध्याकाळी उडदाचं घुटं आणि भाकरी असं लावून दिलं. पर्वाच्या शेवटी आरशासमोर उभा राहून तो दंड वळवून बघत होता. कमी झाले नव्हते. वाढलेही नव्हते, पण ते डब्यानंही वाढत नव्हते.

आता जरा न आवडणारं बोलते. त्याग केलेली जीभ गप्प बसत नाही, ती वकिली करायला लागते. बटाटा नाही? कच्चं केळं आणा, त्याची भाजी, त्याचे वेफर्स, त्याचा वडा, त्याची पावभाजी. हिरवं नाही? मग बेसन तळा. गेल्या काही वर्षांत पर्वाच्या दिवसांत शेव, फरसाण, चकल्या, गाठी यांचे जे ढीग घरोघर दिसतात ते पाहिले की वाटतं, भाजी सोडून आपण तेल धरलं. एकाशनाचीही तीच गत. एकदाच जेवायचं म्हणून त्या एका ताटात नाश्ता, जेवण, मधलं खाणं आणि रात्रीचं जेवण सगळं एकावर एक चढतं. शास्त्रात सहा बाह्य तपं सांगितली आहेत आणि त्यांतली पहिली चार जेवणाचीच. अनशन म्हणजे न जेवणं, अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं, मग वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग. अनशनाच्या मिरवणुका निघतात, सत्कार होतात, फलक लागतात. अवमौदर्याची मिरवणूक मी कधी पाहिली नाही. 'यांनी सलग दहा दिवस दोन घास कमी खाल्ले' असा फलक लावणार कोण? शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा धरलाय, त्यातून घास कमी करत जायचं. मुलानं उत्साहानं घास मोजायला घेतले आणि भाकरीच्या चतकोराचा एक घास करून बत्तिशी गाठली. बायकांचा पूर्ण आहार अठ्ठावीस घासांचा. त्या वरच्या चार घासांचं काय झालं याचा मी बराच विचार केला आहे.

ह्यांना सुगंध दशमीच्या दिवशी एकदम वैराग्य आलं. तो उत्तम संयमाचा दिवस. मंदिरातून धुपाच्या वासासकट घरी आले आणि म्हणाले, "चतुर्दशीला मी निर्जळ करणार." साखरेच्या गोळ्या चालू असताना निर्जळ! डॉक्टरांना फोन केला, त्यांनी फोनवरच ओरडून नाही म्हटलं. ह्यांना ते फारसं लागलं नाही, कारण डॉक्टर धर्माला मध्ये आणत नाहीत. मग मामांनी शांतपणे पोथी काढली. तीर्थंकरपदाला नेणाऱ्या सोळा भावना सांगितल्या आहेत, त्यांत एक शक्तितस्त्याग आणि एक शक्तितस्तप. आपल्या शक्तीप्रमाणे त्याग, आपल्या शक्तीप्रमाणे तप. ताकदीपलीकडे अंगाला पिळणं हे तपात मोडत नाही. ह्यांनी मान डोलावली. इतकी मनापासून डोलावली की मला शंका आली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला नाचणीची पेज पुढे ठेवली तर म्हणतात, "ही माझ्या शक्तीबाहेर आहे. शिरा कर की जरासा."

शिरा केला नाही. त्या दिवसापासून एक युक्ती मात्र पक्की झाली. मसाविचं वरण पातेल्यात राहू द्यायचं आणि वेगळेपणा वाटीत आणायचा. एक मोठं पातेलं साध्या डाळीचं किंवा कडधान्याचं, अळणी. कढल्यात छोट्या छोट्या फोडण्या. आत्यांना वारानुसार, मामांना तुपाची नि कमी मिठाची, लेकीला तेलाची नि वर तीळकूट, ह्यांना मेथीदाण्याची, मुलाला दुप्पट डाळ आणि तिप्पट चटणी. भाकरी सगळ्यांना एकच. मामांना ती वरणात कुस्करून. दिवसाआड वरणफळं, कारण त्यात कणीक, डाळ, सगळं एका पातेल्यात शिजतं आणि मामांना चावायला लागत नाही. युक्ती चांगली आहे, पण तिला एक खोट आहे. ती चांगली चालते म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं, आपल्या नियमाचा कुणाला काही त्रासच नाही. लेकीनं मध्येच आणखी एक नियम घेतला, गव्हाचा त्याग. "तुला काय, तू भाकरी करतेसच."

महिला मंडळात सगळ्याजणी एकमेकींना विचारतात, "यंदा तुमचा काय नियम?" कुणाचे पाच उपवास, कुणाचं दहा दिवस एकाशन. मी म्हटलं, वृत्तिपरिसंख्यान. सगळ्या जरा चमकल्या, कारण ते मुनिमहाराजांचं तप. आहाराला निघताना मनात एक अट धरायची, अमुक तसं घडलं तरच जेवायचं, नाही तर परत फिरायचं. माझी अट अशी की सगळ्यांची ताटं झाली, भांडी रिकामी झाली आणि तरी काही उरलं तर खाईन, आणि दिवस मावळायच्या आत बसायला मिळालं तर. कोपऱ्यात बसलेल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "हा नियम मीपण घेतलाय. लग्न झाल्यापासून."

अनंत चतुर्दशीला चूल थंड. आत्यांचा, माझा आणि मुलीचा उपवास. मुलगा आणि मामा एकाशनावर, सकाळी लवकर उरकून मोकळे. ह्यांचं सगळं डबे भरून मांडून ठेवलेलं, वेळेच्या चिठ्ठ्यांसकट. बाहेर गणपतीचे ढोल चालले होते, लेलेकाकू विसर्जनाच्या गडबडीत. दुपारभर मी आडवी होते. भूक फारशी लागली नाही. काही ठरवायचं नसलं की भूक निम्मी होते असं माझं निरीक्षण आहे. संध्याकाळी आत्या हळूहळू भिंत धरत माझ्या खोलीत आल्या, काठाशी बसल्या, पाठीवरून हात फिरवला.

"दमलीस गं फार. उद्याच्या पारण्याला आता काही घाट घालू नको."

"बरं आत्या."

"मुगाचं कढण तेवढं कर. पोटात एकदम जड नको."

"करते."

"आणि मऊ भात. कढणावर तुपाची धार. तुझ्या मामांना गूळ घालून लापशी आवडते, ती एवढीशी. ह्याला गोड नको, तर त्याला बिनगुळाची वेगळी. लेकीला तूप नको म्हणजे तिला तिसरी. पोरगं दहा दिवस कांदा-कांदा करतंय, तर त्याला कांद्याचं थालीपीठ लाव, पण आमचं सगळं आवरल्यावर. दुपारी जावेकडची माणसं क्षमावणीला येतील, पाच-सहाच जण, त्यांना नुसती पुरणपोळी आणि कटाची आमटी. डाळ आज रात्री भिजत घालू नको, सकाळी उठून घाल. एवढंच. बाकी काही करू नको."